हेलपाट्यांचा हिशेब

दिव्यांगांच्या अनुदानाची चर्चा आपल्याकडे रकमेपासून सुरू होते आणि रकमेपाशीच थांबते. सहाशेचे हजार कधी झाले, हजाराचे दीड हजार कधी झाले, कोण उपोषणाला बसले, कुठल्या अधिवेशनात कोणी घोषणा केली, हे कार्यकर्त्यांना तोंडपाठ असते. त्यात गैर काहीच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने संजय गांधी निराधार अनुदान आणि श्रावणबाळ या योजनांतल्या दिव्यांग लाभार्थ्यांना महिन्याला १,५०० ऐवजी २,५०० रुपये द्यायचे ठरवले, ते लोक रस्त्यावर उतरले म्हणूनच. पण हे अडीच हजार हातात पडेपर्यंत काय काय घडते, आणि एकदा मिळायला लागल्यावर ते मध्येच का बंद पडतात, यावर फारसे कोणी लिहीत नाही. ही पुस्तिका त्यावर आहे. अर्ज कुठे अडतो, कोणत्या शेऱ्याने परत येतो, मंजूर झालेली केस पुन्हा तपासायला कधी आणि का निघते, असा हा विषय. रटाळ आहे, कबूल. रटाळ आहे म्हणूनच इतकी वर्षे त्याला कोणी हात घातला नाही.

मुळात या कामाला धनी नाही. अपंगत्वाचे प्रमाणपत्र देते आरोग्य खाते. अनुदानाची योजना सामाजिक न्याय विभागाची, पण ती राबवते महसूल खाते, तहसील कचेरीतल्या संगायो (संजय गांधी योजना) शाखेतून. डिसेंबर २०२२ पासून राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही आहे. पैसे पडतात बँकेत, आणि आधार-केवायसीचे नियम ठरतात दिल्लीत. प्रत्येकाला आपल्या टेबलापुरते काम दिसते, आणि तेवढ्यापुरते ते बहुधा नियमाने चाललेलेही असते. सिव्हिल हॉस्पिटलला विचारा, ‘बोर्ड आम्ही दर आठवड्याला घेतो.’ तहसीलला विचारा, ‘कागद पूर्ण असले तर आम्ही केस अडवत नाही.’ बँकेला विचारा, ‘वरून पैसे आले की त्याच दिवशी जमा.’ तिघेही खरे बोलतात. तरी माणूस महिनोन्‌महिने फिरतच असतो.

बोर्डाचा, म्हणजे प्रमाणपत्रासाठी तपासणाऱ्या वैद्यकीय मंडळाचा, दिवस ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात ठरलेल्या वारी सकाळी आठपासून व्हरांडा भरतो. लांबच्या तालुक्यातले लोक पहिल्या एसटीने निघालेले, काही आदल्या रात्रीच येऊन पथारी टाकलेले. केसपेपरची एक रांग, फोटो-आधारची दुसरी, मग हाडांचे डॉक्टर एका खोलीत, डोळ्यांचे दुसरीकडे, कानाचे वरच्या मजल्यावर. लिफ्टच्या दारावर ‘बंद आहे’ अशी पाटी. एक बाई एकोणीस वर्षांच्या मुलाला पाठुंगळीला घेऊन चढते. मुलाला सेरेब्रल पाल्सी, मान धरत नाही. डॉक्टर चांगले आहेत, दोन मिनिटांत त्यांच्या लक्षात येते. पण फॉर्मवर बौद्धिक क्षमतेचाही रकाना आहे. ‘आयक्यू टेस्ट करून आणा. त्या मॅडम मंगळवारी असतात.’ आज बुधवार. बाई खाली उतरते.

आता या बाईच्या दिवसाची सरकारदरबारी नोंद काय? शून्य. तिने ठरवलेल्या जीपचे भाडे, तिची बुडालेली मजुरी, सोबत आलेल्या दिराची बुडालेली मजुरी, यातले काही कुठल्याही रजिस्टरात चढत नाही. रुग्णालयाच्या अहवालात तिचा अर्ज ‘प्रलंबित’ म्हणून एक आकडा होतो, आणि त्या आकड्यासाठी रुग्णालयाचा एक पैसाही खर्च झालेला नसतो. जो खर्च हिशेबातच येत नाही तो कमी करायची गरज कुणाला वाटत नाही. या पुस्तिकेतल्या सूचनांपैकी मला सर्वांत मोलाची वाटते ती अगदी साधी आहे: प्रमाणपत्राच्या आणि अनुदानाच्या प्रत्येक अर्जावर एक रकाना ठेवा, या कामासाठी अर्जदाराला आजवर किती वेळा बोलावले. दरमहा जिल्हाधिकाऱ्यांच्या आढाव्यात प्रलंबित प्रकरणांच्या शेजारी तो आकडा वाचला जाऊ द्या. नवा कायदा नको, नवे पोर्टल तर नकोच.

पोर्टलांविषयी बोलायचे तर महाराष्ट्रातल्या चाळिशीच्या पुढच्या दिव्यांग माणसाकडे बहुधा तीन पिढ्यांचे कागद सापडतील. पहिला शल्यचिकित्सकांच्या सहीचा, हाताने लिहिलेला, घडीवर फाटत आलेला. मग २०१२ च्या सुमारास राज्याने एसएडीएम ही संगणक प्रणाली आणली, तेव्हा जुने प्रमाणपत्र चालेना. त्यानंतर केंद्राचे यूडीआयडी कार्ड आले, आणि १ जून २०२१ पासून प्रमाणपत्र त्याच पोर्टलवरून देणे सक्तीचे झाले. प्रणाली बदलायचे ठरवले सरकारने, पण एका प्रणालीतून दुसरीत जाण्यासाठी चालावे लागले ते ज्याचा पाय लहानपणीच पोलिओने गेला त्याला. तो पाय या तीन प्रमाणपत्रांच्या काळात रतिभरही बदललेला नाही. माहिती एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात नेणे हे कार्यालयाचे काम होते. ते लाभार्थ्याच्या पायांवर ढकलले गेले, आणि याला आपण ‘डिजिटायझेशन’ म्हणालो.

मुदतीचेही तेच. २०१७ च्या नियमांत प्रमाणपत्र एका महिन्यात द्यावे असे होते. ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीने त्याचे तीन महिने झाले. दोन वर्षे निर्णयच झाला नाही तर अर्ज निष्क्रिय होतो आणि माणसाने पुन्हा पहिल्यापासून अर्ज करायचा. मुदत संपल्याची शिक्षा कुणाला होते ते बघा.

टक्केवारीकडे येतो, कारण सगळे भांडण शेवटी तिथे येऊन ठेपते. चाळीस टक्क्यांना राज्याचे अनुदान. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनाला मात्र ऐंशी टक्के हवेत, शिवाय दारिद्र्यरेषेखालचे नाव हवे. एवढे सगळे जुळल्यावर केंद्राकडून मिळतात महिन्याला ३०० रुपये. २०१२ पासून हा आकडा जागचा हललेला नाही. (राज्य आपली भर घालून रक्कम पुरी करते, म्हणून लाभार्थ्याला हे जाणवत नाही एवढेच.) टक्का मोजला जातो तो शरीराचा: सांधा किती अंशात वळतो, किती डेसिबलला ऐकू येते. त्या शरीराने विहिरीवरून पाणी आणता येते का, एसटीत चढता येते का, हे त्यात येत नाही.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, स्वमग्नता यांना त्यात स्थान मिळाले. कायद्याची नजर रुंदावली, पण व्हरांड्यातल्या शिपायापासून संगायोच्या कारकुनापर्यंत सगळ्यांची नजर अजून कुबडी आणि काळा चष्मा शोधते. गडचिरोली आणि नंदुरबारकडे सिकलसेलची मुले आहेत. क्रायसिस आला की हाडे फुटल्यासारखी दुखतात, पंधरवडा अंथरुणात जातो, मजुरीचे काम सुटते. बोर्डाच्या दिवशी तोच पोरगा धडधाकट दिसतो, कारण धडधाकट असतो त्याच दिवशी तो जिल्ह्याच्या गावाला येऊ शकतो. मानसिक आजाराचे तसेच. त्यासाठीच्या मोजपट्टीत स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद आणि काम असे चार भाग आहेत, आजार किती वर्षांचा हेही धरतात. मोजपट्टी समंजस आहे. पण ती नीट लावायची तर घरच्यांशी बोलायला हवे, आणि चाळीस माणसांच्या रांगेत डॉक्टरकडे त्यासाठी वेळ कुठला?

ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नुसत्या टक्क्यावरून कुणाला अपात्र ठरवता येणार नाही. हे अपंगत्व शिक्षणाच्या आड नेमके कसे येते ते मंडळाने तपासावे आणि येत असेल तर कारणे लिहून द्यावीत. तो निकाल प्रवेशाचा आहे, अनुदानाचा नाही, हे मला समजते. पण कारण लिहून देण्याची जी सवय न्यायालय डॉक्टरांना लावू पाहते आहे, ती तहसील कचेरीत आली तर निम्मे काम होईल. आज नामंजुरीच्या पत्रात काय असते? ‘निकषात बसत नाही.’ कुठल्या निकषात, किती कमी पडले, पुढे कुठे दाद मागायची, काही नाही. वैद्यकीय प्रमाणपत्राविरुद्ध अपील करण्याची तरतूद कायद्याच्या ५९ व्या कलमात आहे. ही गोष्ट प्रमाणपत्र नाकारलेल्या किती जणांना माहीत आहे, ते कुणीही आपल्या तालुक्यात विचारून पाहावे.

उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल मात्र मी जरा कडक बोलणार आहे. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे, इतर निराधारांसाठी तर २१,०००. रोजगार हमीवर महाराष्ट्रात २०२५-२६ मध्ये दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती. म्हणजे घरातला एकच माणूस वर्षात १६१ दिवस या दराने राबला की पन्नास हजारांची मर्यादा ओलांडली. दोघे राबले तर उन्हाळ्याच्या आतच. उरलेले वर्ष हे कुटुंब काय खाते, असा प्रश्न दाखला देणाऱ्याला पडत नाही, कारण उत्तर त्याला ठाऊक आहे. अर्जदारालाही ठाऊक आहे, कारकुनालाही. सगळे मिळून एक आकडा लिहितात. प्रामाणिक माणसाला पहिल्याच पायरीवर खोटे बोलायला लावायचे आणि पुढे आयुष्यभर त्याच्याकडे संशयाने पाहायचे, असा हा प्रकार आहे. एजंटाचा धंदा चालतो तो याच फटीत. त्याला कायदा माहीत नसतो, कुठल्या टेबलावर कोणता आकडा चालतो एवढे माहीत असते. दिव्यांगांसाठी ही अट काढून टाकावी, निदान महागाईशी बांधून वाढवत न्यावी, असे माझे मत आहे. ते पुस्तिकेच्या लेखकांच्या मतापेक्षा थोडे पुढचे आहे. त्यांनी मर्यादा वाढवा एवढेच म्हटले आहे.

त्रुटीची कथा तर प्रत्येकाकडे आहे. अर्ज दिला की महिन्याभराने कळते, ‘त्रुटी निघाली.’ काय? रहिवासाचा पुरावा. तो दिला की दुसऱ्या खेपेला कळते, आधारवरचे नाव आणि प्रमाणपत्रावरचे नाव जुळत नाही, एकात ‘बाई’ आहे, दुसऱ्यात नाही. ते दुरुस्त करून आणावे तोवर उत्पन्नाचा दाखला मुदतबाह्य. हे तिन्ही दोष पहिल्या दिवशी एकाच कागदावर लिहून देता आले असते. मुद्दाम छळायला कुणी असे करतो असे मला वाटत नाही. कारकुनाकडे तीन योजना, शिवाय निवडणुकीचे काम. पहिली चूक दिसली की तो फाइल बाजूला ठेवतो, पुढची पाने उलटायला त्याला वेळ नसतो. म्हणून छापील तपासयादी हवी, आणि ती एका बैठकीत पुरी भरायची सक्ती हवी. नंतर काढलेली त्रुटी ग्राह्य नाही, असा नियम झाला तर कारकून पहिल्याच दिवशी सगळी पाने उलटेल.

मंजुरीची समितीही अशीच. तालुक्याच्या समितीवर अध्यक्ष अशासकीय असतो, म्हणजे बहुधा सत्ताधारी पक्षाचा कार्यकर्ता. सरकार बदलले की समित्या जातात, नव्या यायला वेळ लागतो. मधल्या काळात अधिकाऱ्यांनी निर्णय घ्यायची सोय असली तरी ‘नवी समिती येऊ द्या’ हे उत्तर सर्वांत सुरक्षित ठरते. ज्याची पात्रता प्रमाणपत्राने आणि दाखल्याने ठरलेली आहे, त्याच्या केसवर राजकीय माणसाने बसून काय ठरवायचे असते, हे मला आजवर कुणी पटवून दिलेले नाही.

आता फेरतपासणी. ती असूच नये असे कुणी म्हणत असेल तर मी त्याच्या बाजूचा नाही. काही दिव्यांगत्व बदलते, काही उपचाराने कमी होते, काही वाढत जाते आणि वाढले तर टक्का वाढवून मिळायला हवा. बौद्धिक दिव्यांगत्वाच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना या बाबतीत पाहण्यासारख्या आहेत: लहान मुलाला तात्पुरते प्रमाणपत्र, पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी नव्याने तपासणी, आणि अठराव्या वर्षीचे प्रमाणपत्र कायमचे. प्रत्येक तपासणीला कारण आहे, कारण त्या त्या वयात मूल बदलते. अठरानंतर बोलावायचे कारण उरत नाही, म्हणून बोलवायचे नाही. एवढा साधा विवेक बाकीच्या व्यवस्थेत का नसावा? कायमचे प्रमाणपत्र हातात असताना दर वर्षी हयातीचा दाखला, अधूनमधून पडताळणीची मोहीम, मग नव्या पोर्टलसाठी कागद, मग केवायसी. यातले एक चुकले की ‘दोन महिने झाले, पगारच पडला नाही’ असे म्हणत माणूस बँकेत येतो, आणि तिथे त्याला सांगतात, तहसीलला विचारा.

या सगळ्याच्या मुळाशी बोगसची भीती आहे. ती निराधार नाही. २०२४ च्या पावसाळ्यात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून देशभर गदारोळ झाला. २०२५ मध्ये दिव्यांग कल्याण विभागाने सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची पडताळणी हाती घेतली आणि जिल्हा परिषदांमधून निलंबनाच्या बातम्या येऊ लागल्या. खोट्या प्रमाणपत्रावर नोकरी, बदली, बढती घेणाऱ्यावर कारवाई झालीच पाहिजे. कायद्याच्या ९१ व्या कलमात त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. पण खोटे प्रमाणपत्र रांगेत तयार होत नाही. ते सही करणाऱ्याच्या खोलीत तयार होते आणि ते घेणारा सहसा रांगेत उभाच राहत नाही. मोहीम निघाली की मात्र उन्हात उभे राहतात ते रांगेतलेच. अडीच हजारांसाठी पाय खोटा लंगडवणारा माणूस असेलही एखादा, पण त्याच्यामागे धावताना बाकीच्यांना किती धाववायचे याचे काही प्रमाण असायला नको का?

बरा झालेला कुष्ठरोगी हा कायद्याने दिव्यांग आहे. त्याच्या बोटांची टोके गेलेली असतात. बँकेच्या प्रतिनिधीने त्याच्यापुढे ठशाचे यंत्र धरलेले मी पाहिले आहे. यंत्राने तीनदा ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हटले. प्रतिनिधी बिचारा ओशाळला, पण त्याच्या हातात दुसरा उपाय दिलेलाच नव्हता. अंध माणसाला मोबाइलवर ‘डोळे मिचकवा’ असे सांगणारी केवायसीही याच घरातली. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडहल्ल्यातल्या पीडितांच्या आणि अंधांच्या याचिकांवर निकाल देताना डिजिटल सेवा मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि अशा पडताळणीला पर्याय देण्याचे आदेश दिले. आदेश दिल्लीहून तालुक्यापर्यंत पोचायला किती पावसाळे लागतात ते बघायचे.

बाहेरचे उदाहरण एकच देतो, तेही ब्रिटनमधले, कारण तिथे एकाच बेटावर दोन रीती शेजारी शेजारी आहेत. इंग्लंड-वेल्समध्ये २०१३ पासून जो दिव्यांग भत्ता आहे, त्याच्या तपासणीचे कंत्राट खासगी कंपन्यांकडे आहे. नाकारलेल्यांपैकी जे लवादापर्यंत पोचतात त्यांच्यातल्या साठ टक्क्यांहून अधिकांच्या बाजूने वर्षानुवर्षे निकाल लागत आला आहे. याचा सरळ अर्थ, पहिला निर्णय नीट होत नाही. स्कॉटलंडने २०२२ मध्ये आपला वेगळा भत्ता सुरू केला तेव्हा खासगी कंपन्या काढून टाकल्या. अर्जदाराच्या संमतीने डॉक्टरांकडून किंवा पालिकेकडून कागद मिळवायचे काम सरकारी संस्थेने स्वतःच्या अंगावर घेतले. आणि फेरतपासणीत रक्कम कमी झाली, त्याविरुद्ध माणसाने दाद मागितली, तर निकाल लागेपर्यंत आधीच्या दराने पैसे चालू राहतात. दाद हरला तरी ते परत मागत नाहीत. स्कॉटलंड श्रीमंत आहे म्हणून तिथे हे जमते, असे म्हणता येईल. पण शेवटच्या नियमाला पैसा फारसा लागत नाही. ‘आधी बंद, मग चौकशी’ ही आपली रीत उलटी करून ‘आधी चौकशी, मग बंद’ करायला एक शासन निर्णय पुरतो.

आपल्याकडे कायद्याची वानवा नाहीच. २०१६ च्या कायद्याच्या २४ व्या कलमात दिव्यांगांना सामाजिक सुरक्षेची रक्कम इतरांपेक्षा किमान पंचवीस टक्के जास्त द्यावी असे स्वच्छ लिहिले आहे. कायदा अमलात आला १९ एप्रिल २०१७ ला. राज्याच्या योजनेत दिव्यांगांची रक्कम इतरांपेक्षा खऱ्या अर्थाने वेगळी झाली २०२५ मध्ये. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग मोजले गेले होते, तेही एकवीस प्रकार येण्याआधी. त्यांच्यातल्या गरिबांनी ही आठ वर्षे काढली.

या पुस्तिकेचे लेखक वर्षानुवर्षे संगायो शाखांच्या बाहेरच्या बाकांवर बसलेले लोक आहेत. भाषा कुठे कुठे तापलेली आहे. मी ती निववायला सांगितले नाही. त्रुटीपत्राचे आणि नामंजुरीपत्राचे नमुने शेवटी जोडले आहेत, तेच मला या कामाचे सार वाटते. नायब तहसीलदार, मंडळ अधिकारी, शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातले लिपिक यांच्यापैकी कुणाच्या हाती हे पुस्तक पडले, तर त्यांनी प्रकरणे नंतर वाचावीत. आधी ते दोन नमुने काढून आपल्या टेबलावर ठेवावेत आणि उद्याच्या पहिल्या अर्जाला वापरावेत. त्यासाठी वरून परवानगी लागत नाही.